‘छान झाला’च्या पुढचं: अंगणवाडी मेळाव्याचा अभिप्राय कसा घ्यावा

पहिल्या तालुका मेळाव्यानंतर अभिप्रायाच्या कागदांचा गठ्ठा मी घरी आणला आणि रात्री जेवणं उरकल्यावर वाचायला बसले. एकशे चाळीसच्या आसपास कागद होते. ‘कार्यक्रम छान झाला.’ ‘खूप माहिती मिळाली.’ ‘जेवण उत्तम होते.’ ‘असे मेळावे वारंवार व्हावेत.’ अर्ध्या तासात सगळे वाचून झाले. दुसऱ्या दिवशी अहवालात ‘सर्व सेविकांनी समाधान व्यक्त केले’ असं लिहिलं आणि गठ्ठा कपाटात टाकला.

दीड महिन्यानं घाटाकडच्या एका वाडीवर गृहभेटीला गेले होते. तिथली मदतनीस चुलीवर चहा ठेवता ठेवता म्हणाली, ‘‘मॅडम, त्या दिवशी मला काय बी ऐकू आलं नाही. मी मागं पोरं धरून बसले व्हते.’’ काही सेविकांनी तान्ही, रांगती लेकरं बरोबर आणली होती. पाच-सहा मुलं हिच्याकडं सोपवून बाकीच्या पुढं जाऊन बसल्या होत्या. लहान मुलांच्या शिक्षणासाठी भरवलेल्या मेळाव्यात लहान मुलं सांभाळायची सोय आम्ही केलीच नव्हती. घरी येऊन मी तिचा कागद शोधला. नाव लिहायला लावलं होतं, म्हणून लगेच सापडला. त्यावरही ‘छान’च होतं.

त्या कागदानं मला शिकवलं. मी सत्तावीस वर्षं पर्यवेक्षिका होते. आमच्या भागात अजून मुख्यसेविकाच म्हणतात. पुढं दर वर्षीच्या मेळाव्यात थोडं थोडं बदलत अभिप्राय घ्यायची एक पद्धत बसली. आता निवृत्त झाले आहे, पण शेजारच्या तालुक्यांतल्या मुली फोन करून विचारतात, ‘‘बाई, त्या चिंचोक्यांचं कसं करायचं?’’ म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते आहे. सेविका-मदतनिसांचा मेळावा, बालवाडी शिक्षिकांचं शिबिर, बीटची, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या गटाची, मोठी बैठक, कुठंही हे चालेल.

आधी आपलं आपण ठरवा

कागद छापायला टाकण्याआधी आयोजकांनी तासभर बसावं आणि एकाच प्रश्नाचं उत्तर लिहावं: उत्तरं हातात आल्यावर आपण काय बदलू शकतो? आमच्या हातात असलेल्या गोष्टी अशा निघाल्या: मेळाव्याची तारीख, जागा, सत्रांचा क्रम आणि लांबी, बोलणारी माणसं, वाटायचं साहित्य, बसायची सोय, जेवण, सत्काराला द्यायचा वेळ. एवढ्याचबद्दल विचारायचं. हॉलचा रंग कसा वाटला हे विचारून सेविकेची दोन मिनिटं घ्यायचा आपल्याला हक्क नाही.

पण सेविका लिहितातच. मानधन, अंगणवाडीचं थकलेलं भाडं, अडकणारा मोबाइल, गळणारं छप्पर. वर्षानुवर्षं आम्ही हे ‘विषयाला धरून नाही’ म्हणून बाजूला काढत होतो, आणि ते चूक होतं. कागदाच्या तळाशी आता एक चौकट असते: ‘वरच्या कार्यालयाला सांगायचं काही?’ त्यात आलेलं सगळं जसंच्या तसं, एकही शब्द न बदलता टाइप करून वर पाठवायचं आणि पाठवल्याची तारीख सेविकांना सांगायची. कामं होवोत न होवोत, चौकट असली की बाकीचे प्रश्न मोकळे राहतात. नाहीतर ‘खेळाचं सत्र कसं झालं?’ या प्रश्नाखाली छपराचं उत्तर येतं, कारण बाईला लिहायला दुसरी जागाच नसते.

प्रश्न

सरकारी भाषेतल्या प्रश्नाला सरकारी भाषेतच उत्तर येतं. ‘सदर प्रशिक्षण आपणास उपयुक्त वाटले का?’ याला ‘होय, उपयुक्त वाटले’ यापेक्षा वेगळं कोण काय लिहिणार? आमचा प्रश्न बदलत बदलत असा झाला: ‘सोमवारी अंगणवाडीत गेल्यावर आज बघितलेल्यातलं पहिल्यांदा काय करून बघाल?’ यावर जी सेविका ‘पाने-फुले वर्गीकरण, मोठ्या गटाबरोबर’ असं लिहिते, तिच्यापर्यंत सत्र पोचलं. जी ‘सर्व’ लिहिते, तिच्यापर्यंत बहुधा पोचलेलं नाही.

‘समजलं का?’ हा प्रश्न तर टाकूच नका. एका वर्षी वजन-उंचीचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाची लांबी आडवं झोपवून घ्यायची आणि त्यावरच्या मुलाची उंची उभं करून, हा त्यातला मुख्य मुद्दा. कागदांवर झाडून सगळ्यांनी ‘समजले’वर खूण केली. महिन्याभरात पाच अंगणवाड्यांत गेले, तर दोन ठिकाणी दीड वर्षाचं मूल भिंतीला टेकवून उभं केलेलं. रडतंय, गुडघे वाकवतंय. आता कागदावर विचारतो: ‘दीड वर्षाच्या मुलाची उंची कशी घ्याल, उभं करून की झोपवून?’ उत्तर चुकलं तर सेविका नापास होत नाही. सत्र घेणारी व्यक्ती नापास होते, आणि तिला आम्ही तसं सांगतो.

एका प्रश्नात दोन गोष्टी घालू नका. ‘भाषण व प्रात्यक्षिक कसे वाटले?’ भाषण कंटाळवाणं आणि प्रात्यक्षिक सुरेख असेल तर बाई काय लिहील?

पाच पायऱ्यांची मोजपट्टीही आम्ही वापरून पाहिली. अतिशय चांगले, चांगले, बरे, वाईट, अतिशय वाईट. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या मोजपट्टीतून आलेली ही पद्धत आज जगभर वापरतात. आमच्याकडं मात्र तिचा उपयोग झाला नाही. ज्या मॅडम उद्या आपल्या केंद्राला भेट द्यायला येणार आहेत, त्यांच्या कार्यक्रमाला ‘वाईट’ कोण म्हणेल? सगळ्या खुणा पहिल्या दोन घरांत. म्हणून आम्ही निवड करायला लावली: ‘पुढच्या वर्षी वेळ कमी पडला आणि आजचं एक सत्र गाळायचं झालं, तर कोणतं गाळू?’ इथं कुणाला वाईट म्हणावं लागत नाही, नुसतं निवडावं लागतं. पहिल्याच वर्षी उत्तर एवढं स्पष्ट आलं की आम्ही सगळ्या गप्प झालो: स्वागत आणि सत्कार. दीपप्रज्वलन, शाली, श्रीफळं, मनोगतं यांत सकाळचा दीड तास जात होता आणि खेळाच्या सत्राला चाळीस मिनिटं उरत होती.

आमच्या कागदावर आता पाचच प्रश्न असतात. सोमवारी काय कराल. कोणतं सत्र गाळू. आज दाखवलेल्यातलं काय तुमच्या अंगणवाडीत होणारच नाही आणि का. एका मुद्द्याच्या समजेचा प्रश्न. आणि तळाची चौकट. अर्धा कागद, मोठी अक्षरं, लिहायला भरपूर जागा. तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. त्याच्याकडं पुढं येते.

चिंचोके

नाव लिहायचं नाही, एवढं सांगून भागत नाही. पर्यवेक्षिका दर महिन्याला सेविकांची रजिस्टरं तपासते. तिला प्रत्येकीचं अक्षर ओळखू येतं, आणि हे सेविकांनाही ठाऊक असतं. यावर आम्ही तीन गोष्टी केल्या.

पहिली, कागद शेजारच्या बीटच्या पर्यवेक्षिकेनं गोळा करायचे. माझ्या सेविकांचे मी बघायचे नाहीत. दुसरी, कागदाचा हजेरीशी आणि प्रवास भत्त्याशी काडीचाही संबंध ठेवायचा नाही. ‘अभिप्राय दिल्याशिवाय सही नाही’ असं म्हटलं की बाई सहीपुरतं लिहिते आणि निघते.

तिसरी गोष्ट चिंचोक्यांची. ती सगळ्यांना आवडते, म्हणून नीट सांगते.

दुधाच्या पावडरीचे किंवा तेलाचे रिकामे डबे घ्या, जितकी सत्रं तितके. झाकणाला चिंचोका जाईल एवढी फट पाडा आणि कडा चिकटपट्टीनं झाका, बोटं कापतात. डब्यावर सत्राचं नाव लिहाच, शिवाय चित्रही काढा: चेंडू म्हणजे खेळाचं सत्र, तराजू म्हणजे वजन-उंची, पुस्तक म्हणजे गोष्टी. मग प्रत्येक सेविकेच्या हातात तीन चिंचोके द्या. जे सत्र तिच्या कामाला आलं त्याच्या डब्यात टाकायचे. तिन्ही एकातच टाकले तरी चालेल. मदतनिसांना चिंचोक्यांऐवजी वालाचे दाणे द्या. संध्याकाळी डबे उघडले की सेविकांचं मत आणि मदतनिसांचं मत आपोआप वेगळं होतं, आणि कुणाचंही अक्षर दिसत नाही.

डबे पडद्याआड ठेवा. आम्ही पहिल्यांदा स्टेजसमोरच्या टेबलावर ठेवले आणि सत्र घेणारे पाहुणे शेजारीच उभे राहून हसतमुखानं बघत होते. त्यांच्या डब्यात खच पडला. पुढच्या वर्षी खोलीच्या कोपऱ्यात दोन खिडक्यांना साडी बांधली, आत एका वेळी एकच बाई. आकडे पार बदलले.

आणि गुंजा वापरू नका. लाल-काळ्या, दिसायला गोड, मोजायला सोप्या, म्हणून एकीनं सुचवल्या होत्या. पण गुंजेचं बी विषारी असतं आणि मेळाव्यात लहान मुलं असतात. चिंचोके, वालही मुलांच्या हाताला लागू देऊ नका. नाकात, घशात जातात. वाटणारीनं मोजून द्यायचे आणि डबे उंचावर ठेवायचे.

गूगल फॉर्मबद्दल नेहमी विचारणा होते. शहरातल्या बीटला चालेल. ठेवलात तर ईमेल आयडी गोळा करण्याची सोय बंद करा, नाहीतर नाव न विचारण्याला अर्थ नाही. आमच्या डोंगरपट्ट्यात मात्र तो चालला नाही, आणि कारण नुसतं नेटवर्कचं नव्हतं. मोबाइल म्हणजे पोषण ट्रॅकर, रोजच्या नोंदी भरायचं सरकारी ॲप, मोबाइल म्हणजे आजची नोंद राहिली का याची धास्ती. त्याच पडद्यावर आणखी एक फॉर्म आला की तो कामाचाच फॉर्म वाटतो, आणि बाई तो कामासारखाच भरून टाकते.

कधी विचारायचं

साडेपाचची एसटी चुकली तर पुढची मुक्कामी गाडी, हे ज्या बाईच्या डोक्यात आहे तिला पाच वाजता विचारलेलं काहीही खरं येत नाही. आभारप्रदर्शनानंतर दारात कागद वाटणं बंद करा. जेवणानंतर, शेवटच्या सत्राच्या आधी, पंधरा मिनिटं राखून ठेवा. कार्यक्रमपत्रिकेवर तशी छापा: २.१५ ते २.३०, अभिप्राय. बसल्या जागी कागद, पेन्सिली आपल्याच. पंधरा मिनिटं शांत. शेवटच्या सत्राबद्दल मग कागदावर काही येत नाही, तेवढं चिंचोके सांगतात.

पण त्या दिवशीचं मत हे त्या दिवशीचंच असतं. प्रशिक्षणाचं मूल्यमापन चार पायऱ्यांवर करावं, असं डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलं: आवडलं का, शिकलं का, कामात उतरलं का, आणि त्यानं शेवटी फरक पडला का. आपले जवळजवळ सगळे अभिप्राय पहिल्याच पायरीवर थांबतात. दुसऱ्या पायरीसाठी उंचीसारखा एक प्रश्न पुरतो. तिसरीसाठी पाच-सहा आठवड्यांनी पुन्हा विचारावं लागतं, आणि त्यासाठी वेगळा कार्यक्रम लागत नाही. बीटची मासिक बैठक असतेच. तिथं वीस मिनिटं.

गोलात बसून

त्या वीस मिनिटांची रीत अशी. सात-आठ जणींचा एक गोल, सतरंजीवर. खुर्ची कुणालाच नाही. विचारणारी एक, लिहिणारी एक. लिहिणारीनं वाक्य सुधारायचं नाही. ‘‘पोरं थाऱ्यावर ऱ्हात न्हाईत’’ असं ती म्हणाली तर वहीत ‘मुलांचे लक्ष विचलित होते’ असं जायला नको. पहिल्या वाक्यात तिची अंगणवाडी दिसते.

पहिला प्रश्न नेहमी करून बघितलेल्या गोष्टीचा: ‘‘मेळाव्यात बघितलेलं घरी जाऊन काय केलंत?’’ आणि लगेच दुसरा: ‘‘काय करायला गेलात आणि जमलं नाही?’’ दुसऱ्यानंतर शांतता पडते. पडू द्या. मी मनात तीस आकडे मोजायचे. पंचवीसच्या आसपास कुणीतरी बोलतंच.

बोलण्याचा क्रम महत्त्वाचा. मदतनीस आधी, मग नवीन लागलेल्या सेविका, सगळ्यात शेवटी जुन्या. जुनी सेविका आधी बोलली की बाकीच्या ‘‘ताई म्हणाल्या तसंच’’ एवढंच म्हणतात. त्यात ताईंचा दोष नाही, मान देण्याची आपली रीतच तशी आहे. पण अभिप्रायाला ती अडते. आवाज रेकॉर्ड करायचा नाही. फोन सगळ्यांचे पिशवीत, विचारणारीचासुद्धा.

आमच्या भागातल्या निम्म्या वाड्या ठाकर आणि महादेव कोळ्यांच्या. एका गोलात एक तरुण सेविका म्हणाली, ‘‘गोष्टीच्या सत्रात सांगितलेली गोष्ट मला आवडली, पण माझ्या पोरांना त्यातले शब्द कळंना. मी आमच्या बोलीत सांगितली तर ती हसायला लागली.’’ मग तिनं तिथंच ती गोष्ट ठाकरीत सांगितली. पुढच्या मेळाव्यात गोष्टींचं सत्र तिनंच घेतलं. बाहेरून पाहुणा बोलवायचा खर्चही वाचला, पण मुख्य म्हणजे चिंचोके सगळ्यात जास्त त्याच डब्यात पडले.

दहा बाय बारा

आता तो तिसरा प्रश्न: आज दाखवलेल्यातलं काय तुमच्या अंगणवाडीत होणारच नाही आणि का?

हा कागदावर आला त्या वर्षी ‘पोषण भी पढाई भी’चं वारं होतं. केंद्र सरकारनं मे २०२३ मध्ये तो कार्यक्रम सुरू केला होता आणि तीन ते सहा वयाच्या मुलांना खेळातून शिकवण्यावर सगळा भर होता. आम्ही हौसेनं खेळाचं दोन तासांचं सत्र ठेवलं. मंगल कार्यालयाचा लांबरुंद हॉल. गोल करून गाणी, रिंगण, उड्या, चार कोपऱ्यांत चार खेळ. सेविका लहान मुलींसारख्या खेळल्या. पहिल्या प्रश्नावर सुरेख उत्तरं आली.

आणि एका कागदावर तिसऱ्या प्रश्नाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘खोली दहा बाय बारा. बावीस मुले. एका कोपऱ्यात खिचडी शिजते, तिथे मुलांना जाऊ देत नाही. एका कोपऱ्यात आहाराची पाकिटे. एक पेटी, एक वजनकाटा. पावसाळ्यात अंगण चिखल. चार कोपरे कुठले करू?’

तो कागद मी तीनदा वाचला. मग बाकीचे कागद पुन्हा काढले आणि तिसरा प्रश्न तेवढा वाचला. ‘जागा नाही’ असं बऱ्याच जणींनी लिहिलं होतं. आम्ही ते नेहमीचं गाऱ्हाणं समजून पुढं गेलो होतो. मापं एकीनंच दिली म्हणून डोळ्यांपुढं खोली उभी राहिली.

पुढच्या वर्षी त्याच हॉलच्या मधोमध खडूनं दहा बाय बारा फुटांचा चौकोन आखला. त्यात खऱ्या वस्तू मांडल्या: एका कोपऱ्यात न पेटवलेली शेगडी, पाकिटांचं खोकं, पेटी, काटा. बावीस सेविकांना आत बसवलं आणि सत्र घेणाऱ्यांना सांगितलं, जे काय दाखवायचं ते या रेषेच्या आत. पहिली दहा मिनिटं त्यांना काही सुचेना. मग हळूहळू सगळ्याच सुचवायला लागल्या. उड्यांऐवजी बसल्या जागी हातांचे खेळ. मुलांचे दोन गट, एक आत मातीकाम करणारा, एक ओट्यावर गाणी म्हणणारा, मदतनिसाच्या नजरेत. भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला काळा पट्टा, म्हणजे चित्र काढायला जमीन अडत नाही. पेटीच्या पाठीवर बाहुल्यांचं घर. एका मदतनिसानं सांगितलं की शिजवायची वेळ अर्धा तास पुढं नेली तर सकाळचा पहिला तास सगळी खोली मोकळी मिळते. हे आमच्या एकाही पाहुण्याला सुचलं नसतं.

तुम्हीही हे करा. मेळाव्यात अंगणवाडीचं खरं मोजमाप आणा. आणि त्या आधीच्या वर्षी हा प्रश्न विचारा, म्हणजे मोजमाप कुठलं आणायचं ते कळेल.

कागद वाचताना

दोघी-तिघींनी मिळून वाचा, एकटीनं नको. त्यातली एक तरी खात्याबाहेरची हवी. आमच्याकडं एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका येतात. जमिनीवर ढीग करा: वेळ आणि जागा, सत्रं, साहित्य, मुलांची आणि बायकांची सोय, वर पाठवायचं. एका कागदावर दोन मुद्दे असतील तर कापून दोन ढिगांत टाका. कोरे कागद फेकू नका, मोजा. एका वर्षी कोरे कागद खूप निघाले आणि सगळे एकाच बाजूच्या ओळींतून आले होते. चौकशी केली तर तिकडं पंखा नव्हता, आवाजही पोचत नव्हता, आणि त्या सगळ्या जणी कागद वाटेपर्यंत बाहेर झाडाखाली गेल्या होत्या.

सरासरी काढू नका. बहुतेकींना जे पटलं ते चालू ठेवायला ठीक आहे, पण सुधारायचं काय ते नेहमी दोन-चार कागदांवर असतं. मिनी अंगणवाड्या, म्हणजे लहान वस्त्यांवरच्या छोट्या अंगणवाड्या, जिथं आहेत तिथं संख्येनं थोड्या. त्यांचं म्हणणं टक्केवारीत बुडतं. त्यांचा ढीग वेगळाच ठेवा.

कठोर कागद आला की हात आपोआप अक्षर ओळखायला धावतो. ‘हे कुणाचं असेल?’ असं वाचणाऱ्यांपैकी कुणी म्हटलं की कागद पालथा घालायचा, हा आमचा नियम आहे. एकदा एका सेविकेला तिच्या कागदाबद्दल विचारणा झाल्याचं कानावर आलं. पुढची दोन वर्षं त्या बीटमधून पुन्हा ‘छान’ येत राहिलं.

न आलेल्यांना विचारा

हे मी उशिरा शिकले, आणि खरं तर ते आपल्याच परंपरेत होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. मुलांना किंवा आईबापांना दोष देत त्या बसल्या नाहीत. मूल येत नाही, म्हणजे बालवाडी त्याच्यापासून लांब आहे, हे त्यांनी ओळखलं आणि बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथून आपल्याकडं आला. पुढं १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा तिनंही हाच शब्द घेतला. न येणं हाही अभिप्रायच आहे.

मेळाव्याच्या हजेरीपत्रकावर ज्यांची सही नाही त्यांची यादी करा आणि आठवड्याभरात फोन करा. विचारणारीचा आवाज जाब विचारणाऱ्याचा नको. ‘‘ताई, तुमची आठवण काढली, काय अडचण झाली?’’ एवढंच. आम्हाला कळलं ते असं: जुलैत भात लावणी, बाई घरच्या शेतात. सप्टेंबरात पोषण महिना, रोज एक कार्यक्रम. मतदार यादीचं काम ज्यांच्याकडं, त्यांची त्या दिवसांत ओढाताण. लसीकरणाचा दिवस तर हलत नाही. मेळावा मग आम्ही जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात नेला, तारीख सगळ्या आरोग्य उपकेंद्रांचे लसीकरणाचे वार बघून काढली, आणि पुढच्या वेळी न आलेल्यांची यादी एका पानात बसली.

परत सांगणं

दोन महिन्यांच्या आत एक पान काढा. तीन रकाने: तुम्ही काय सांगितलंत, आम्ही काय केलं, काय करता आलं नाही आणि का. तिसरा रकाना रिकामा ठेवू नका. सेविकांचा विश्वास त्याच रकान्यावर बसतो. हे पान व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नका. बीटच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा. पुढच्या मेळाव्याची सुरुवातही त्यानंच करा. आमच्याकडं आता दीपप्रज्वलनानंतर लगेच हे पान वाचतात, आणि सत्कार सगळे मिळून पंधरा मिनिटांत, जेवणाच्या आधी.

पहिल्या वर्षांतल्या आमच्या एका पानावर दुसऱ्या रकान्यात लिहिलं होतं: ‘मेळाव्यात पाळणाघर. दोन झोळ्या, सतरंजी, खेळणी, पाणी. आळीपाळीनं दोन पर्यवेक्षिका बसतील, मदतनीस नाही.’ त्या मेळाव्यात माझी पाळी सकाळची होती. दोन तास मांडीवर एक मूल आणि झोळीत एक.

पुढच्या महिन्यात बीटच्या गोलात घाटाकडच्या वाडीतली ती मदतनीस होती. पहिली पाळी तिची. मी विचारलं, ‘‘या वर्षी कसं वाटलं?’’ ती थोडा वेळ पदराशी चाळा करत राहिली.

‘‘या वर्षी ऐकू आलं,’’ ती म्हणाली. ‘‘पण ते पाव्हणं लई भराभरा बोलत्यात, मॅडम. आमच्यापतुर येईस्तवर पुढचं चालू व्हतंय.’’

लिहिणारीनं ते तसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं.